कोर्टाची पायरी



शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला नाहीतर बेळगावला, घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं असणारच. आज ज्या काळाबद्दल बोलायचं आहे, त्या काळातल्या माणसाला हे वाक्य सांगितलं असतं तर तो गोंधळात पडला असता. सतराव्या शतकातल्या व्हर्जिनियात शहाणा, मूर्ख, जमीनदार, कर्जबाजारी, सगळ्यांनाच कोर्टाची पायरी चढावी लागे. सरकार म्हणून त्यांच्या डोळ्यांना दिसणारी तेवढी एकच गोष्ट होती. राजा समुद्रापलीकडे, गव्हर्नर दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. जवळ काय? तर काउंटीचं कोर्ट.

वसाहतकालीन अमेरिकेतलं कोर्ट म्हटलं की बहुतेकांना सेलम आठवतं, १६९२ मधले चेटकिणींचे खटले. एकोणीस जणांना फाशी झाली, एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. ते सगळं खरं आहे, पण ते कोर्ट गव्हर्नरनं त्या प्रकरणापुरतं नेमलेलं खास कोर्ट होतं. मला आज रोजच्या कोर्टाबद्दल बोलायचं आहे. ज्यात चेटूक नाही, तंबाखू आहे.

व्हर्जिनियाच्या नकाशावर चेसापीक नावाचा मोठा उपसागर दिसतो. त्याच्या पूर्वेला जमिनीची एक अरुंद पट्टी आहे. त्या पट्टीवर नॉर्दॅम्प्टन नावाची काउंटी आहे. सुरुवातीला तिचं नाव अ‍ॅकोमॅक होतं. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला तालुका समजा. १६३४ मध्ये व्हर्जिनियाचे असे आठ भाग पाडले, त्यातला हा एक. या कोर्टाचं दप्तर १६३२ सालापासून सलग टिकून आहे. इंग्रजी अमेरिकेत काउंटी कोर्टाचं याहून जुनं सलग दप्तर नाही. आग, युद्ध, वाळवी या तिन्हींतून ते वाचलं, म्हणून आज आपण त्या काळातल्या साध्या माणसांबद्दल बोलू शकतो.

त्या दप्तरात आहे तरी काय? सगळ्यांत जास्त आहेत उधारीचे दावे. अमक्यानं तमक्याला इतके पौंड तंबाखू देणं आहे. नाणं फारसं नव्हतंच. देणंघेणं, दंड, पगार, कर, सगळं तंबाखूत. लग्नाबाहेरच्या संबंधाला पाचशे पौंड तंबाखू दंड, तो भरता आला नाही तर पाठीवर फटके. त्याच कोर्टात जमिनीचं खरेदीखत नोंदवायचं, मृत्युपत्र नोंदवायचं, अनाथ पोरांच्या मालमत्तेवर देखरेख ठेवायची. रस्ता कुठून काढायचा, पूल कुणी बांधायचा, नावाडी कुणाला नेमायचा, खानावळीचा परवाना कुणाला द्यायचा, खानावळीत दारूचा भाव काय लावायचा, हेही तेच ठरवणार. जनावरं मोकळी रानात चरत, म्हणून प्रत्येक मालक आपल्या गुरांच्या कानाला वेगळी खूण करी. कानाला कुठे काप, कुठे भोक. ती खूणही कोर्टाच्या वहीत लिहायची. आपल्याकडची तहसील कचेरी, दुय्यम निबंधकाचं ऑफिस, पंचायत समिती आणि दिवाणी न्यायालय एकाच खोलीत बसवा आणि सगळीकडे तीच माणसं खुर्चीत आहेत अशी कल्पना करा. ते काउंटी कोर्ट.

कोर्टाचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. घोड्यांचे सौदे, लिलाव, शेजारच्या खानावळीत गर्दी. मैलोनमैल विखुरलेल्या मळ्यांवर राहणारी माणसं एकमेकांना भेटायची ती या दिवशी.

आणि खुर्चीत कोण? जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे जे.पी. मुंबईकरांना हा शब्द नवा नाही. एकोणिसाव्या शतकात नाना शंकरशेट जे.पी. होते आणि मुंबई शहराची व्यवस्था बराच काळ या जे.पी. मंडळींच्याच हातात होती. संस्था तीच, इंग्लंडच्या खेड्यांतून निघालेली. एक फांदी इकडे आली, दुसरी तिच्याही आधी अमेरिकेत गेली. व्हर्जिनियातले हे जे.पी. बिनपगारी. कायद्याचं शिक्षण बहुतेकांना नाही. गावातले मोठे जमीनदार, एवढीच पात्रता. १७३६ मध्ये जॉर्ज वेब या गृहस्थांनी विल्यम्सबर्गला जे.पीं.साठी एक मार्गदर्शक पुस्तक छापलं, कारण कुठला कायदा कुठे लागतो हे बसणाऱ्यांनाच ठाऊक नसे.

नेमणूक गव्हर्नर करी, पण नावं सुचवी कोण? तेच कोर्ट. म्हणजे खुर्चीतली माणसंच नवी माणसं निवडणार. त्यामुळे बाप, मग मुलगा, मग जावई असं पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. निवडणूक नाही. जॉर्ज वॉशिंग्टन फेअरफॅक्स काउंटीचे जे.पी. होते, शिवाय आपल्या चर्चच्या पंचमंडळात होते आणि गरिबांना मदत देण्याचं काम त्या मंडळाकडे असे. थॉमस जेफरसनसुद्धा आपल्या काउंटीचे जे.पी. होते. देश चालवायला निघालेली ही माणसं राज्यकारभार शिकली ती रस्त्यांची आणि खानावळींची प्रकरणं निकालात काढता काढता. हे मला त्यांच्या भाषणांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पण या शिक्षणाची फी कुणी भरली, तेही दप्तरात आहे.

अँटनी जॉन्सन नावाचा माणूस. १६२१ मध्ये तो आफ्रिकेतून आणलेला माणूस म्हणून व्हर्जिनियात उतरला, तेव्हा यादीत त्याचं आडनावही नव्हतं. पुढे तो मोकळा झाला, मेरी नावाच्या आफ्रिकी बाईशी लग्न केलं, आणि १६५१ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या भागात त्याच्या नावावर अडीचशे एकर जमीन लागली. १६५३ मध्ये त्याच्या मळ्याला आग लागली. तो कोर्टात गेला. कोर्टानं त्याच्या बायकोला आणि मुलींना आयुष्यभराची करमाफी दिली. या माफीचा अर्थ नीट लक्षात घ्या. १६४३ च्या कायद्यानं गोऱ्या बायकांवर डोईपट्टी नव्हती, काळ्या बायकांवर होती. म्हणजे त्या एका घरापुरता कोर्टानं तो फरक पुसला. शेजारी होता, मेहनती होता, सगळ्यांच्या ओळखीचा होता. स्थानिक कोर्टाचा हा चांगला चेहरा. समोरच्या माणसाला ते ओळखतं.

दोन वर्षांनी, मार्च १६५५ मध्ये, तोच जॉन्सन त्याच कोर्टात पुन्हा उभा राहिला. या वेळी वाद जॉन कॅसर नावाच्या काळ्या माणसाचा. कॅसरचं म्हणणं, मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो, मुदत केव्हाच संपली, हा मला सोडत नाही. शेजारच्या रॉबर्ट पार्कर नावाच्या गोऱ्या जमीनदारानं त्याला आपल्याकडे नेलं होतं. जॉन्सनचं म्हणणं, करारबिरार काही नाही, हा आयुष्यभरासाठी माझा आहे. कोर्टानं जॉन्सनचं ऐकलं. कॅसरला परत पाठवा, पार्करनं खर्च भरावा. संपलं. कॅसरनं कुठलाही गुन्हा केलेला नव्हता. एका दिवाणी वादात, दोन मालकांच्या भांडणात, एका माणसाचं आयुष्य निकालात निघालं. आयुष्यभराच्या गुलामीचा कायदा तेव्हा व्हर्जिनियात लिहिलेला नव्हता. तो असा, एकेका निकालातून, आधी वहीत उतरला आणि मग कायद्यात गेला.

या गोष्टीत काळ्या माणसानं काळ्या माणसाला गुलाम ठेवलं, असं म्हणून काही जण आजकाल हिशोब बरोबरीत सोडवू पाहतात. त्यांना पुढचं पान दाखवावं लागतं. जॉन्सन नंतर मेरीलँडला गेला आणि १६७० मध्ये वारला. त्याच वर्षी व्हर्जिनियातल्या एका ज्यूरीनं ठरवलं, की जॉन्सन निग्रो होता, म्हणजेच परका होता, म्हणून त्याची जमीन सरकारजमा करता येते. ज्याला सतरा वर्षांपूर्वी शेजारी म्हणून करमाफी मिळाली, तो मेल्यावर परका ठरला.

याच वर्षांमध्ये दुसऱ्या एका काउंटीत, नॉर्दंबरलंडमध्ये, एलिझाबेथ की नावाची बाई कोर्टात गेली. बाप इंग्रज, आई आफ्रिकी. ठरावीक वर्षांच्या कराराची मुदत उलटून गेलेली, आणि मालक मेल्यावर वारस म्हणू लागले, ही गुलाम. तिनं दोन मुद्दे मांडले. इंग्रजी कायद्यात मूल बापाच्या दर्जाचं, आणि माझा बाप स्वतंत्र माणूस होता. शिवाय माझा बाप्तिस्मा झाला आहे. १६५६ मध्ये स्थानिक ज्यूरीनं तिला स्वतंत्र ठरवलं. वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला. मग प्रकरण विधिमंडळाच्या समितीपर्यंत गेलं आणि शेवटी ती सुटली. तिची बाजू मांडणाऱ्या विल्यम ग्रिन्स्टेडशीच तिनं लग्न केलं. खटला जिंकली, पण तिच्या विजयाची वाट दुसऱ्या कुणाला वापरता येऊ नये याची सोय लगेच झाली. १६६२ मध्ये व्हर्जिनियानं कायदा केला, की मूल आईच्या दर्जाचं. इंग्रजी परंपरा उलटी फिरवली. आता मालकानंच गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं मूल त्याची मालमत्ता.

१६९२ मध्ये आणखी एक पाऊल पडलं. गुलामावर फाशीचा गुन्हा असेल तर ज्यूरी नको, काउंटीच्या जे.पीं.नीच बसून निकाल द्यावा. पुढे फाशी दिलेल्या गुलामाची किंमत मालकाला सरकारी तिजोरीतून मिळू लागली. खुर्चीत बसणारे बहुतेक स्वतः गुलामांचे मालक. ज्यूरीचा हक्क हा इंग्रज माणसाचा प्राण, असं हीच मंडळी पुढे शंभर वर्षं सांगत राहिली.

आता उत्तरेला जाऊ. मॅसॅच्युसेट्सची गोष्ट वेगळी आहे. तिथं मळे विखुरलेले नव्हते, गावं होती. चर्च मध्ये, घरं भोवती. १६३६ मध्ये वसाहतीच्या विधिमंडळानं गावांना अधिकार दिला, की गावची जमीन तुम्ही वाटा, गावापुरते नियम करा, आपले कामगार नेमा. त्या विधिमंडळाचं नाव काय, तर जनरल कोर्ट. आजही मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव तेच आहे. कायदा करणं आणि न्याय देणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या काळाच्या डोक्यात पक्कं बसलेलं नव्हतं, याची ती नावातली खूण.

गावसभा भरायची. कारभारी निवडायची. कारभाऱ्यांखाली छोटी छोटी पदं. कुंपणं धड आहेत का पाहणारा, मोकाट डुकरं आवरणारा, वजनमापं तपासणारा. मला हा डुकरंवाला फार आवडतो. नाकात कडी नसलेलं डुक्कर दुसऱ्याच्या शेतात शिरलं तर ते प्रकरण आधी याच्याकडे यायचं. गावातल्या किती तरी पुरुषांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असं एखादं पद यायचं. १६४७ च्या कायद्यानं पन्नास घरांच्या गावानं लिहा-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवलाच पाहिजे असं ठरलं, त्याचाही खर्च गावसभेत निघायचा.

फार गोड चित्र रंगवायला नको. बायकांना सभेत मत नव्हतं. गावात नवा गरीब माणूस आला, उद्या याला पोसावं लागेल अशी शंका आली, की त्याला गाव सोडण्याची रीतसर नोटीस मिळे. आजारी म्हातारे, पोट वाढलेल्या अविवाहित मुली, अशांना कॉन्स्टेबल वेशीपर्यंत पोचवून येत. गाव आपलं म्हणताना, कुणाचं नाही हेही गावच ठरवत होतं.

आणि जिथं स्थानिक कारभार लोकांच्या हातात नव्हता, तिथं काय होई? नॉर्थ कॅरोलायनाच्या आतल्या भागात शेरीफ, कारकून, वकील हे सगळे वरून नेमलेले. प्रत्येक कागदाला फी, कायद्यात असेल त्याच्या कितीतरी पट. कर भरला नाही की घोडा नाहीतर गाय जप्त. लोकांनी आधी अर्ज केले. मग सप्टेंबर १७७० मध्ये हिल्सबरोच्या कोर्टात जमाव घुसला, न्यायाधीश रात्रीतून पळाले, एडमंड फॅनिंग नावाच्या अधिकाऱ्याला मारहाण झाली, त्याचं घर पाडलं. पुढच्या मे महिन्यात गव्हर्नर ट्रायन फौज घेऊन आला, अलामान्सला लढाई झाली, शेतकरी हरले. जूनमध्ये सहा जणांना फाशी. ती हिल्सबरोलाच झाली, त्या कोर्टाच्या गावी.

इथवर ब्रिटिश संसद आपल्या गोष्टीत आलीच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. शंभर-सव्वाशे वर्षं ती या लोकांच्या रोजच्या जगण्यातही फारशी नव्हती. ती आली १७६५ मध्ये, स्टॅम्पचा कायदा घेऊन. आपल्याला स्टॅम्प पेपरची इतकी सवय आहे, की यात एवढं काय, असं वाटेल. पण विचार करा. उधारीचा दावा, खरेदीखत, मृत्युपत्र, परवाना, प्रत्येक कागदाला आता लंडनचा शिक्का हवा. ज्या खोलीत आपलं सगळं आयुष्य नोंदलं जातं, त्या खोलीच्या दारातच तिकीट लावलं. त्यातून खटले कुठे चालणार, तर आरमारी कोर्टांतसुद्धा, जिथं ज्यूरी नसते. कित्येक ठिकाणी कोर्टं बंदच पडली.

फेब्रुवारी १७६६ मध्ये एका काउंटी कोर्टापुढे प्रश्न आला. कारकून आणि इतर कामगारांनी विचारलं, शिक्क्याशिवाय काम केलं तर आम्हाला दंड होईल का? जे.पीं.नी एकमतानं सांगितलं, की हा कायदा घटनेला धरून नाही, म्हणून तो इथल्या लोकांवर बंधनकारक नाही, खुशाल काम चालू ठेवा. ब्रिटिश संसदेच्या कायद्याला एका तालुक्याच्या कोर्टानं बेकायदा म्हटलं. ते कोर्ट होतं नॉर्दॅम्प्टनचं. जॉन कॅसरला परत पाठवणारं.

मी कधी या दोन नोंदींपैकी एक खरी आणि दुसरी अपवाद, असं स्वतःला समजावू शकलो नाही. एकाच दप्तरात आहेत. लंडनला ठणकावून नाही म्हणण्याचा आत्मविश्वास त्या लोकांकडे आला, कारण सव्वाशे वर्षं ते स्वतःचे निकाल स्वतः देत होते. आणि त्यांनी स्वतः दिलेल्या निकालांमध्येच कॅसरचाही निकाल होता.

मॅसॅच्युसेट्समध्ये घाव थेट गावावर पडला. बॉस्टनच्या चहाची शिक्षा म्हणून मे १७७४ मध्ये संसदेनं त्या वसाहतीची सनदच बदलली. न्यायाधीश आणि शेरीफ गव्हर्नर नेमणार, त्याला वाटेल तेव्हा काढणार. ज्यूरीतली नावं आता गाव निवडणार नाही, शेरीफ बोलावेल त्यांनीच बसायचं. गावसभा वर्षातून एकदा निवडणुकीपुरती, एरवी गव्हर्नरच्या परवानगीनं. शाळेच्या पाठ्यपुस्तकात चहाची गोष्ट असते, या कायद्याची नसते. पण खेड्यातल्या शेतकऱ्याला चहापेक्षा हा कायदा जवळचा होता. कर्जाचा दावा लागला तर माझी जमीन कुणापुढे जाणार? इतके दिवस गावानं निवडलेली ज्यूरी होती. आता गव्हर्नरचा न्यायाधीश आणि गव्हर्नरच्या शेरीफची ज्यूरी.

ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनला दीडेक हजार लोकांनी कोर्ट बसू दिलं नाही. मग स्प्रिंगफील्ड. आणि ६ सप्टेंबर १७७४ ला वुस्टर.

त्या दिवशी वुस्टरचं कोर्ट बसायचं होतं. सदतीस गावांच्या तुकड्या आल्या. कुणीतरी मोजणी केली म्हणून आकडा आपल्याला माहीत आहे, चार हजार सहाशे बावीस माणसं. वुस्टर गावाची स्वतःची वस्तीसुद्धा एवढी नव्हती. गव्हर्नर गेज फौज पाठवणार अशी बोलवा होती, पण काही दिवसांपूर्वी हजारो लोक शस्त्रं घेऊन बॉस्टनच्या वाटेला लागले होते, ते पाहून त्यानं विचार बदलला. कोर्टाची इमारत लोकांनी अडवलेली. न्यायाधीश आणि इतर अधिकारी जवळच्या खानावळीत बसून राहिले. प्रत्येक तुकडीनं आपला प्रतिनिधी निवडला, प्रतिनिधी मजकूर लिहून नेत, मग परत येऊन आपल्या तुकडीला विचारत. म्हणजे रस्त्यावरच गावसभा भरलेली. टिमथी बिगेलो नावाचा लोहार वुस्टरच्या पुढाऱ्यांत होता. दुपारपर्यंत घोळ चालला. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लागल्या, आणि त्या रांगांमधून सगळे अधिकारी टोप्या हातात घेऊन चालत गेले. या कायद्याखाली आम्ही कोर्ट चालवणार नाही, हा मजकूर त्यांना पुन्हा पुन्हा वाचावा लागला, तीसहून अधिक वेळा, म्हणजे शेवटच्या तुकडीलाही ऐकू यावा. एकही गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनची लढाई व्हायला अजून सात महिने होते, आणि वुस्टर काउंटीतून राजाचं सरकार गेलेलं होतं.

ही गोष्ट इथं थांबवता आली असती. पण दप्तर थांबत नाही.

स्वातंत्र्य मिळालं. युद्धाचं कर्ज फेडायला मॅसॅच्युसेट्सच्या नव्या सरकारनं जबर कर बसवले, सावकारांनी दावे लावले, आणि शेतकऱ्यांच्या जमिनी पुन्हा कोर्टापुढे आल्या. सप्टेंबर १७८६ मध्ये वुस्टरच्या कोर्टासमोर पुन्हा माणसं उभी राहिली, बंदुकांना संगिनी लावून. कोर्ट बसू देणार नाही, हीच मागणी. या वेळचे मुख्य न्यायाधीश होते आर्टेमस वॉर्ड. १७७५ मध्ये बॉस्टनला वेढा घालणाऱ्या शेतकरी फौजेचे पहिले सेनापती हेच. ते पायऱ्या चढून दारापर्यंत गेले, छातीशी संगिनी रोखलेल्या. तिथंच, पायरीवर उभं राहून, त्यांनी जमावाला जवळजवळ दोन तास सुनावलं. आता सरकार तुमचंच आहे, कोर्ट तुमचंच आहे, असा त्यांचा सूर.

लोकांनी ऐकून घेतलं. कोर्ट मात्र बसू दिलं नाही.

त्या बंडाबद्दल पुढे कधीतरी वेगळं बसू.